एआयच्या काळात दोनशिक्षकी शाळेत नेमकं काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी सांभाळतो. प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, मुलांना भविष्यासाठी तयार करा. कोडिंग, एआय, एकविसाव्या शतकातली कौशल्यं. शाळेत एक टीव्ही आहे, नेट कधी असतं कधी नसतं. निम्म्या मुलांना अजून नीट वाचता येत नाही. मी नेमकं काय बदलू?’

सर, माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, आधी उपशिक्षिका आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारी, म्हणून. त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या तासाला बोलतं कोण, प्रश्न विचारतं कोण आणि उत्तर बरोबर की चूक ते ठरवतं कोण, एवढं आधी बघा. तिन्ही ठिकाणी ‘मी’ असंच उत्तर येत असेल, तर शाळेत कितीही नवी यंत्रं आली तरी मुलं जिथल्या तिथे राहतील. ही कामं हळूहळू मुलांकडे सोपवता आली, तर एका टीव्हीत आणि येऊन-जाऊन असणाऱ्या नेटमध्येही पुष्कळ होतं.

तुम्ही जे शेवटी लिहिलंय ते मी आधी घेते. निम्म्या मुलांना नीट वाचता येत नाही, ही अडचण एकट्या तुमच्या शाळेची नाही. ‘असर’ ही ग्रामीण मुलांना काय वाचता येतं ते तपासणारी पाहणी आहे. तिच्या २०२४ च्या फेरीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा झाली आहे. पाचवीत मात्र अजून ४४.८ टक्केच. केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली आहे. हे काम जुनं वाटतं, म्हणून प्रशिक्षणात ते मागे पडतं आणि कोडिंग पुढे येतं. माझ्या मते एआयच्या काळातली पहिली गरज हीच आहे. समोर आलेला मजकूर वाचून ‘हे पटत नाही’ असं म्हणता यायचं, तर आधी तो वाचता आणि समजता यायला हवा.

यासाठी रोजचा एक तास इयत्ता बाजूला ठेवा. तिसरी-चौथीची सगळी मुलं एकत्र घ्या आणि कुणाला काय येतं त्यावरून गट करा: अक्षरं ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी. ही पद्धत ‘प्रथम’ संस्थेने रुजवली. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या त्यांच्या ‘बालसखी’ कार्यक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत केला होता. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबी हटवण्याचे उपाय असे प्रयोगाने तपासून बघण्याच्या कामासाठी. दोनशिक्षकी शाळेत ही पद्धत राबवणं उलट सोपं जातं, कारण आपल्याकडे वर्ग एकत्र बसलेलेच असतात. महिन्यातून एकदा गट पुन्हा तपासा. मूल वरच्या गटात गेलं की ते सगळ्यांसमोर सांगा. खालच्या गटाला मात्र ‘कच्चा गट’ असं चुकूनही म्हणू नका, आणि त्या गटाजवळ तुम्ही स्वतः बसा. गोष्ट वाचणाऱ्या मुलांचं तुमच्यावाचून अर्धा तास चालतं.

एका प्रकारच्या मुलाकडे मुद्दाम लक्ष द्या. तो धडधड वाचतो, कुठे अडखळत नाही, त्यामुळे तपासणीत ‘वाचन येते’ या रकान्यात बसतो. धड्यातली आजी का रडली असं विचारलं की तो पानावर बोट फिरवतो, ‘आजी’ शब्द असलेलं वाक्य शोधतो आणि तेच मोठ्याने वाचून दाखवतो. आपणही ‘शाब्बास’ म्हणून पुढे जातो. त्याला पुस्तक मिटायला सांगा आणि काय घडलं ते त्याच्या शब्दांत सांगू द्या. नंतर असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर एका ओळीत सापडणार नाही: आजीच्या जागी तुझी आई असती तर ती काय म्हणाली असती? पहिले काही दिवस वर्ग गप्प बसेल. गप्प बसू द्या. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण दोन सेकंदांत उत्तर सांगून टाकतो, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक असतं.

मूल कोणत्या भाषेत सांगेल, हाही प्रश्न आहे. धडगावकडे पावरी, मेळघाटात कोरकू, तांड्यावर गोरमाटी, खानदेशात अहिराणी. आधी घरच्या बोलीत सांगू द्या, फळ्यावर तिचेच शब्द लिहा आणि मग पुस्तकी मराठीकडे या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं सांगतं. परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याआधी त्यांनी एक गोष्ट हेरली होती: तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. मजकूर मुलांच्या भाषेत नेणं हे मूळ काम होतं, कोड हा तो पोचवायचा मार्ग होता. कुठलंही नवं साधन आणताना आपण हा क्रम पाळायला हवा.

हा क्रम पाळण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, आणि ती नव्या शिक्षकांना कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरांमागे असायची. मूल शाळेत येत नाही म्हणून गैरहजेरी मांडत बसण्याऐवजी या दोघींनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरतात तिथे, झाडाखाली, पानं-बिया-दगड घेऊन. तिला कुरणशाळा म्हणत. शाळेची वेळ, जागा आणि साहित्य, सगळं मुलाच्या दिवसाप्रमाणे बदललं. तुमच्या गावातून दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील, तर हा धडा आजही तसाच लागू आहे. दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक भरून देणं हे झालं कागदाचं काम. जाताना त्या मुलाच्या हातात त्याच्या गटाची चार छोटी पुस्तकं आणि एक वही द्या, पालकांचा नंबर घ्या आणि आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवा: ‘अमुक पान वाच आणि मला वाचून पाठव.’ फडावर टॅब नसला तरी मुकादमाकडे किंवा घरातल्या कुणाकडे फोन असतोच.

आता गणित. चौथीच्या मुलांना हे उदाहरण घाला: सहलीला १५० मुलं जायची आहेत. एका एसटीत ४४ जण बसतात. गाड्या किती लागतील? बहुतेक वह्यांत ‘भागाकार ३, बाकी १८’ असं येईल. रीत बरोबर, आकडे बरोबर, आणि १८ मुलं स्टँडवर उभी! हे मुलांना सांगून टाकू नका. ‘मग ठरलं, तीनच गाड्या मागवू,’ असं म्हणा आणि थांबा. कुणीतरी ‘पण सर...’ म्हणेल. तो ‘पण सर’ हीच आपली कमाई. पुढे वाद होऊ द्या: चौथी गाडी पूर्ण भाड्याने घ्यायची, की अठरा जण दाटीवाटीने बसवायचे, की जीप करायची? यंत्राला भागाकार केव्हाच येतो. बाकीचं काय करायचं हे ठरवायला माणूस लागतो, आणि ते ठरवायची सवय चौथी-पाचवीत लागते. प्रत्येक घटक चाचणीत असा एक तरी प्रश्न ठेवा, जो कुठल्याही गाईडमध्ये नाही. पेपरात जे विचारलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, हे आपण सगळे जाणतो. मग पेपरातूनच सुरुवात करा.

एक उपक्रम जरा तपशिलात सांगते, कारण तो कुठल्याही शाळेत होतो आणि खर्च जवळपास शून्य. पर्जन्यमापक. दोन लिटरची शीतपेयाची बाटली घ्या, शक्यतो सरळ बाजूंची. जिथे ती वर निमुळती व्हायला लागते तिथे कापा. खाली थोडे खडे टाका म्हणजे वाऱ्याने पडणार नाही, आणि बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरून शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं बसवा. झाडापासून आणि पत्र्यापासून दूर, मोकळ्यावर ठेवा. हवामान खात्याची वेळ सकाळी साडेआठची, आपणही तीच धरावी: रोज साडेआठला दोन मुलांनी वाचायचं, तारीख-आकडा लिहायचा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. ज्यांची घरं शाळेजवळ आहेत त्यांची पाळी लावा.

दोन मुलं अशासाठी की वाद व्हावा. एक म्हणतो १२, दुसरा म्हणतो १४. तुमच्याकडे निकाल मागायला येतील. देऊ नका. वाकून वाचलं की सरळ डोळ्यांसमोर धरून वाचलं, हे त्यांचं त्यांनाच सापडतं. आठवड्याभरात त्यांचा नियम ठरतो: डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. हा नियम पुस्तकातून पाठ केला असता तर परीक्षेनंतर विसरला असता.

पुढचा टप्पा चौथीचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर मोजायला लावा. समजा ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे ४८ चौरस मीटर. काल २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर १२०० लिटर पाणी पत्र्यावरून वाहून गेलं. मुलं हा आकडा घरी जाऊन सांगतात, आणि टँकरची वाट बघणाऱ्या गावात तो कानामागे पडत नाही. काही शाळांत पन्हाळी आणि टाकी बसवायची बोलणी इथूनच सुरू झालेली मी बघितली आहेत.

त्याहून मोलाचा भाग यानंतर येतो. वाडीवरचं मूल म्हणतं, आमच्याकडे जास्त पडला. मग वाडीवर दुसरी बाटली. दोन आकडे वेगळे येतात. वर्तमानपत्रात महसूल मंडळाचा तिसराच आकडा असतो. खरा कोणता? मुलांशी बोलता बोलता हे निघतं की तिन्ही खरे असू शकतात, कारण प्रत्येक आकड्यामागे एक जागा, एक यंत्र आणि वाचणारा कुणीतरी असतो. अतिवृष्टीच्या भरपाईसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस हा निकष मंडळाच्या मोजणीवर लावला जातो, आणि मंडळाचं केंद्र आपल्या शिवारापासून बऱ्याच अंतरावर असू शकतं. शेतकऱ्याच्या मुलीला हे दहाव्या वर्षी कळलं, तर मोठेपणी समोर येणाऱ्या कुठल्याही आकड्याला ती विचारेल: कुठे मोजलं, कशाने मोजलं, कुणी मोजलं? तंत्रज्ञानाच्या जगात जगायची याहून चांगली तयारी मला माहीत नाही. बाटलीतली ही मोजणी सरकारी नोंदीची जागा घेत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगा.

हाताने करून शिकायचा विचार पुढे किती लांब जाऊ शकतो हे बघायचं असेल तर शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईतली चांगली नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी हा आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, प्लंबिंग, मातीपरीक्षण, रक्तगट तपासणी, शेती, स्वयंपाक-आरोग्य अशी कामं करायची आणि त्यातून विज्ञान-गणित शिकायचं, अशी त्यांची मांडणी. गावाला सेवा मिळते, तीही खऱ्या गिऱ्हाईकाला, मोबदला घेऊन. गिऱ्हाईक असलं की काम चोख करावं लागतं, कारण गळणारा नळ गुण देऊन थांबत नाही. संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तू घडवायची फॅब लॅब अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर सुरुवातीला जिथे उभी राहिली, त्यात हे पाबळ होतं, २००२ मध्ये. आधी पाना-पक्कड हातात आली आणि मग डिजिटल यंत्र, म्हणून ते तिथे रुजलं.

तुमच्याकडे पहिली ते चौथी आहे, त्यामुळे वेल्डिंग नको. पण नव्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे, आणि आपल्या राज्यात आनंददायी शनिवार आहे. तो शनिवार नाच-गाण्यात संपवू नका. गावातला गवंडी, शिवणकाम करणारी ताई, पंप दुरुस्त करणारे दादा यांना बोलवा. भाषण देऊ नका म्हणावं, काम करून दाखवा. मुलांनी प्रश्न विचारायचे. गवंडी काटकोन कसा काढतो हे एकदा विचारून बघा. दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून तो तुमच्यासमोर पायथागोरस मांडेल.

आता एआय. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि सातवी-आठवीच्या प्रकल्पवह्या एकाएकी सुंदर मराठीत लिहून येऊ लागल्या. त्यावर बंदीचा काही उपयोग नाही. प्रकल्पाचा विषयच असा द्या की उत्तर गावातच सापडेल. ‘जलसंवर्धनाचे महत्त्व’ नको. ‘आपल्या शिवारातल्या तीन विहिरींचं पाणी पोळ्याला किती खोल होतं आणि होळीला किती’ हे द्या. वही आली की दोन मिनिटं तोंडी विचारा. ज्याने दोरी सोडून मोजलंय तो सांगतो.

तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती चॅटबॉट द्यायची गरज नाही. यातल्या बऱ्याच सेवांच्या स्वतःच्या अटीही लहान मुलांना आपलं आपण खातं काढू देत नाहीत. तुमच्या फोनवर तुम्ही उघडा आणि टीव्हीवर दाखवा. ‘आमच्या गावच्या जत्रेची माहिती सांग’ असं विचारा. छान ओघवतं उत्तर येईल, आणि त्यात देवाचं नाव, तिथी, नदी यांपैकी काहीतरी बहुधा चुकलेलं असेल. मुलांना एकेक वाक्य वाचायला लावा आणि प्रत्येकापुढे खूण करायला सांगा: बरोबर, चूक, किंवा विचारून बघावं लागेल. तिसऱ्या प्रकारची वाक्यं घरी न्यायची आणि आजी-आजोबांना विचारून यायची. मुलं यंत्राच्या चुका काढण्यात रंगून जातात. मग साध्या शब्दांत कारण सांगा: हे यंत्र माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर पाहून पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधतं. आपल्या गावाबद्दल फारसं कुणी लिहिलेलंच नाही, म्हणून ते ऐकीव ढंगाने रिकामी जागा भरतं. नंतर मुलांकडून जत्रेची खरी माहिती लिहून घ्या. चौथीच्या वर्गाने गावाबद्दल पहिलं खात्रीचं पान लिहावं, याचा मला तर फार आनंद होतो.

तुमच्या स्वतःच्या कामात एआय जरूर वापरा. चार गटांसाठी चार पातळ्यांचे उतारे रोज हाताने लिहिणं अवघड आहे. ‘जोडाक्षर न घेता साठ शब्दांची गोष्ट, शेळी आणि पावसाची’ असं सांगितलं की कच्चा मजकूर मिळतो. कच्चाच. जोडाक्षरं तरीही घुसलेली असतात, वाक्यं अनेकदा भाषांतर केल्यासारखी लागतात. मुलांसमोर नेण्याआधी मोठ्याने वाचून बघा, अडखळलात तिथे बदला. मुलांची नावं, फोटो, आधार क्रमांक, आजारपण यातलं काहीही त्यात टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची तरतूद आहे.

टीव्हीबद्दल थोडंच सांगते. तो लावून तुम्ही कार्यालयीन माहिती भरायला बसत असाल, तर बंद ठेवलेला बरा. दोन मिनिटं दाखवा, थांबवा, ‘पुढे काय होईल?’ विचारा, अंदाज वहीत लिहून घ्या, मग पुढे चालवा.

एका गोष्टीबद्दल कळकळीने बोलायचं आहे, ती म्हणजे दुसऱ्याचा नवोपक्रम उचलणं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, मुलं आपापल्या गतीने साहित्य हाताळत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. परतल्यावर पुष्कळ ठिकाणी सगळ्यात आधी फरशा रंगल्या, कारण फरशी डोळ्यांना दिसते. मूल चुकलं तर शिक्षक तिथे काय करतो, हे फोटोत येत नाही. केंद्रप्रमुख म्हणून मी अशा वर्गांत बसले आहे, जिथे रंगीत आकृत्यांवर मुलं ओळीने बसलेली होती आणि शिक्षक पुढून सांगत होते. कुठलीही शाळा बघायला गेलात तर भिंती कमी बघा, एका मुलाशेजारी पूर्ण तास बसा. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव २०२५ मध्ये जगभर गेलं. तिथली ‘विषय मित्र’ पद्धत, म्हणजे मुलांनी मुलांना शिकवणं, तुमच्या जोडवर्गाला उपयोगी पडेल. पण चौथीतल्या मुलीला आधी हे शिकवावं लागेल की उत्तर सांगायचं नसतं, विचारायचं असतं. त्याला वेळ द्या, नाहीतर ती छोटी छडीवाली बाई होते.

बदल करताना पालकांना आधी सांगा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. त्यामागचा विचार शहाणा होता. गणितज्ज्ञ मंगला नारळीकर बाईंनी तो शांतपणे समजावूनही सांगितला: लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, यात लहान मूल गोंधळतं, म्हणून दोन्ही रीती द्याव्यात. पण बहुतेक घरांत ही गोष्ट पोचली ती टीव्हीवरच्या चर्चेतून. तुमच्या गावात तुम्ही मुलांना घोकंपट्टीऐवजी बाटली घेऊन बाहेर नेलंत, तर ‘गुरुजी शिकवत नाहीत, फिरवतात’ असं पारावर पहिल्याच आठवड्यात येईल. त्याआधी चार पालकांना सकाळी साडेआठला शाळेत बोलवा आणि त्यांच्यासमोर मुलांना आकडा वाचू द्या.

एवढं सगळं एकदम करू नका. अशैक्षणिक कामं, बीएलओची (मतदार यादीची) ड्यूटी, पोर्टलवरची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, यातून उरलेला वेळ किती असतो हे मला ठाऊक आहे. जूनमध्ये फक्त गटवाचनाचा तास आणि पर्जन्यमापक. बाकी उपक्रम सरळ नाकारा किंवा पुढे ढकला. शिक्षण परिषदेत पीपीटी दाखवण्याऐवजी पाच मुलांच्या वह्या घेऊन जा आणि केंद्रातल्या शिक्षकांना विचारा: हे मूल इथे का अडलं असेल? जपानमधले शिक्षक अशाच प्रकारे एकत्र बसून एक पाठ आखतात, एकजण शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे बघत टिपणं काढतात. आपल्या केंद्रात दहा-बारा शाळा असतात. तुमच्यासारखा विचार करणारा एखादा सोबती तिथे नक्की सापडेल, आणि एकट्याने टिकत नाही ते दोघांत टिकतं.

नोंदीपुरतं एक करा. प्रत्येक मुलाने स्वतः लिहिलेलं एक पान जूनमध्ये, एक दिवाळीआधी आणि एक मार्चमध्ये जपून ठेवा. वर तारीख, खाली तुमचा शेरा नको. समग्र प्रगती पत्रक भरताना हीच पानं समोर घ्या. पालक सभेत त्या पानांबद्दल मुलानेच आईवडिलांना सांगायचं: आधी मला काय येत नव्हतं, आता काय येतं, अजून काय अडतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी ही सभा दसऱ्याआधी वेगळी घ्या, तोवर झालेल्या पानांवरच. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की गाडी कुठल्या दिवशी निघेल ते त्यांच्या हातात नसतं.